नातवंडांना 'जंगल बुक' सांगायचंय: सुरुवात मोगलीपासून की मुंगसापासून?

चष्मा_कुठेय

जाणकारांचा सल्ला हवाय. नात ९ वर्षांची, पुण्यातच. नातू साडेपाचचा, न्यू जर्सीत. जुलैत तीन आठवडे दोघं एकत्र असणार आहेत, त्यानंतर नातवाशी गाठ फक्त व्हिडिओ कॉलवर. त्याला मराठी नीट कळतं, वाचता येत नाही. हाताशी किपलिंगच्या दोन्ही भागांची पूर्ण इंग्रजी प्रत आहे आणि एक पातळशी मराठी संक्षिप्त आवृत्ती. संक्षिप्त आवृत्तीत प्रत्येक गोष्ट तीन पानांत उरकली आहे, तीत काही जीव नाही.

प्रश्न असे. कोणती गोष्ट आधी घ्यावी? वाचून दाखवावी की तोंडी सांगावी? दोघांनी सिनेमा पाहिलाय, त्यामुळे 'का' अजगर दुष्ट आणि बाळू अस्वल विनोदी हे डोक्यात पक्कं बसलंय; त्याचं काय करायचं? आणि मारामारी, मरण वगैरे साडेपाच वर्षांच्या मुलापुढे कितपत आणावं?

रानवाट

मुंगसापासून, डोळे मिटून. मोगलीच्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, एक चुकली की पुढची लंगडी होते. 'रिक्की-टिक्की-टावी' मात्र स्वतंत्र आहे. एक बंगला, एक बाग, दोन रात्री, आणि कोण कुठे राहतं ते कागदावर काढता येतं. मूळ इंग्रजी साडेपाच-सहा हजार शब्दांच्या आसपास आहे. मोठ्याने एका दमात वाचायला पाऊण तास लागतो, आणि साडेपाच वर्षांचं मूल तेवढा वेळ बसत नाही. चार बैठका करा.

पहिली बैठक: पुराच्या पाण्याने बिळातून वाहून आलेलं पिल्लू बागेतल्या वाटेवर निपचित पडलेलं. बंगल्यातला मुलगा टेडी म्हणतो मेलंय, अंत्यविधी करू. आई म्हणते आधी कोरडं करू. कापसात गुंडाळून, शेकोटीच्या उबेला धरून ते जिवंत होतं. मग त्याची घरभर हिंडण्याची हौस: टबात बुडता बुडता वाचणं, टेबलावरच्या शाईत नाक, मोठ्या माणसाच्या सिगारच्या टोकावर नाक भाजणं. लहानग्यासाठी खरी मेजवानी हीच आहे, आणि संक्षिप्त आवृत्त्यांत नेमकी हीच छाटलेली असते. इथे पुरता वेळ घ्या. थांबायचं ते नाग गवतातून फणा काढतो तिथे.

दुसरी बैठक: नाग समोर, नागीण मागून वार करते, शिंपी पक्षी वरून ओरडून सावध करतो. त्यानंतर वाटेवरच्या धुळीतला छोटा साप. तिसरी: रात्र, चिचुंद्री, न्हाणीघराच्या मोरीपाशी ऐकलेला कट, आणि नागाचा शेवट. चौथी: शिंपिणीचं पंख मोडल्याचं सोंग, खरबुजाच्या वाफ्यातली २५ अंडी, व्हरांड्यातला नाश्ता आणि उंदराच्या बिळातली झुंज.

चौथी बैठक तोडू नका. अंडी फुटत असताना शिंपीण किंचाळत येते, तिथून शेवटापर्यंत गोष्ट एका श्वासात धावते. मध्येच 'उरलेलं उद्या' म्हटलंत तर मूल झोपणार नाही आणि दोष तुमच्यावर येईल.

बागेचा नकाशा आधी काढून घ्या. बंगला, व्हरांडा, न्हाणीघर, शिंप्याच्या घरट्याचं काटेरी झुडूप, खरबुजाचा वाफा (भिंतीलगत, जिथे दिवसभर ऊन पडतं, अंडी तिथे असण्याचं कारण तेच), तबेल्याजवळचा उकिरडा. नातीला नकाशा रंगवू द्या आणि नातवाला मुंगूस सरकवायला एक सुपारी द्या.

शब्दखोडी

गोष्ट मराठीत तोंडी सांगणार असाल तर नावांपाशी थोडं थांबावं लागेल. किपलिंगने नावं आपल्याच भाषांतून उचलली, मूळ इंग्रजी वाचकाला ती परकी होती. आपल्याला ती अर्ध्याहून अधिक कळतात, आणि गोंधळ होतो तो तिथेच.

'बाळू' हा हिंदीतला भालू, म्हणजे अस्वल. मराठीत भालू म्हटलं की खेड्यात वेगळंच जनावर उभं राहतं, विशिष्ट सुरात ओरडणारी कोल्ही. म्हणून नाव 'बाळू'च ठेवा आणि पहिल्यांदा 'बाळू अस्वल' म्हणा. 'बघीरा' म्हणजे काळा बिबट्या. 'काळा चित्ता' म्हणू नका. ही चूक छापील पुस्तकांतही सापडते. काळा बिबट्या ही वेगळी जात नाही, अंगात काळा रंग जास्त असलेला बिबट्याच तो. तिरप्या उन्हात त्याच्या कातडीवरचे ठिपके दिसतात आणि किपलिंगनेही ते लिहून ठेवलेत. ताडोबात असे काळे बिबटे दिसलेले आहेत, नातीला फोटो दाखवा.

'शेरखान'मधला 'शेर' म्हणजे सिंह की वाघ, हा प्रश्न मराठी मूल हमखास विचारतं. इथे तो वाघ. 'अकेला' (लांडग्यांचा म्होरक्या) म्हणजे एकटा, 'चील' म्हणजे घार. 'तबाकी' हा वाघाच्या मागे उष्ट्यासाठी फिरणारा कोल्हा. मुंगसाच्या गोष्टीतला 'दर्झी' म्हणजे आपला शिंपी पक्षी, पानं शिवून घरटं करणारा. 'चुचुंद्रा' ही चिचुंद्री. ती कधीही खोलीच्या मधोमध येत नाही, भिंतीच्या कडेकडेनेच पळते, असं गोष्टीत आहे. घरात चिचुंद्री पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. नाग मेल्याची दवंडी पिटणारा पक्षी म्हणजे तांबट, तोच तो टुक्-टुक् करणारा. सांगण्याआधी एखाद्या सकाळी तो आवाज ऐकवून ठेवा, मग गोष्टीतली दवंडी थेट पोचते.

सर्वांत अवघड नाव 'का'. 'का म्हणाला' या वाक्याचा मराठीत अर्थच बदलतो. 'का आला?' यावर मूल 'कोण?' असं विचारतं. नेहमी 'का अजगर' किंवा नुसतं 'अजगर' म्हणा.

जाता जाता: 'मोगली' हा उच्चार आपल्याकडे रुळलाय. किपलिंगने स्वतः सांगितलेला उच्चार 'मौग्ली'च्या जवळ जातो, पहिलं अक्षर इंग्रजी 'काऊ'सारखं. बेडूक हा अर्थही त्याने मनाने बसवला, कुठल्याही भाषेतून घेतला नाही. घरात 'मोगली' चालू असेल तर बदलायच्या भानगडीत पडू नका.

बिनविषारी

मुंगसाच्या गोष्टीत पुढे त्रास देणाऱ्या दोन-तीन जागा आहेत.

एक, मुंगूसवेल. साप चावला की मुंगूस एक वनस्पती खाऊन बरा होतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. किपलिंगने गोष्टीतच स्पष्ट लिहिलंय की हे खरं नाही, सगळा खेळ नजरेच्या आणि उडीच्या चपळाईचा. सांगताना ते वाक्य गाळू नका. याखेरीज मुंगसाच्या शरीरात एक सोय असते. नागाचं विष स्नायूंमध्ये ज्या जागी चिकटून ते लुळे पाडतं, त्या जागेची घडणच मुंगसात बदललेली आहे, त्यामुळे विष तिथे नीट चिकटत नाही. तरी ते पूर्ण अभय नव्हे, पुरेसा मोठा दंश झाला तर मुंगूसही मरतो. ९ वर्षांच्या मुलीला एवढं सहज कळतं.

दोन, धुळीतला साप. गोष्टीत त्याचं नाव 'करैत', म्हणजे नावावरून मण्यार. वर्णन मात्र धुळीच्या रंगाचा, मातीत पडून राहणारा लहान साप असं आहे. मण्यार काळी-निळसर, अंगावर पांढरे आडवे पट्टे, आणि ती रात्री फिरते. वर्णनाला आपलं फुरसं जास्त जुळतं. नुसतं 'धुळीतला विषारी साप' म्हणा आणि नंतर चित्रांवरून चारही ओळखायला शिकवा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं.

तीन, गोष्ट ऐकून मुलं बागेत साप शोधायला निघतात. टेडीचे वडील काठी आणि बंदूक घेऊन धावतात, ते त्या काळातलं. आज साप दिसला तर लांब उभं राहायचं, मोठ्यांना हाक मारायची, मोठ्यांनी सर्पमित्राला फोन करायचा, हे त्याच बैठकीत सांगून टाका. मुंगूस घरात पाळता येत नाही, वन्यजीव कायद्याने (१९७२) त्यावर बंदी आहे, हेही. 'आपण आणू या ना एक' हा हट्ट नक्की होणार.

चष्मा_कुठेय

सगळ्यांचे आभार. नकाशा आजच काढते. पण ती २५ अंडी? पिल्लं जन्मण्याआधीच मारायची, हे नातवाला कसं सांगायचं? तो भाग वगळला तर चालेल का? आणि मुंगसानंतर मोगलीत शिरायचं कुठून?

रानवाट

वगळू नका. ती अंडी गेली तर शेवटचा डावच उरत नाही. नागीण टेडीच्या पायाशी वेटोळं घालून बसलेली, आईवडील जागच्या जागी गोठलेले, आणि मुंगूस शेवटचं अंडं पुढे ठेवून तिचं लक्ष वळवतो. तेवढ्यात वडील टेडीला टेबलावरून ओढून घेतात. अंडं नसेल तर हे घडतच नाही.

फोडण्याचं वर्णन लांबवू नका, एका वाक्यात पुढे जा. नागिणीची बाजू मात्र सांगा. नवरा मेलाय, पिल्लं जातायत, ती चिडणारच. मूल 'बिचारी' म्हणालं तर म्हणू द्या. 'नाही, ती वाईट आहे' असं दुरुस्त करत बसू नका.

दंडकारण्य_२

मोगलीबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण सिनेमाची अडचण तिथेच आहे.

१९६७च्या डिस्नेपटाने गोष्टीची मोडतोड करून वेगळंच काही केलं. माकडांचा राजा लुई पुस्तकात नाही. बंदरलोगांना, म्हणजे पुस्तकातल्या माकडांना, राजाच नाही, आणि त्यांची खरी अडचण तीच आहे: कुणाचा कायदा नाही, ठरवलेलं काही तडीस नेत नाहीत. शिवाय तो राजा ओरांगउटान, जो भारतात रानात सापडतच नाही. 'का' पुस्तकात मोगलीला वाचवणाऱ्यांपैकी एक आहे, तीस फुटी, नुकतीच कात टाकलेला. (खरे अजगर एवढे लांब नसतात आणि डोळ्यांनी मोहिनीही घालत नाहीत. त्यांना पापण्याच नसतात, म्हणून ते टक लावून पाहताहेत असं वाटतं.) पोरांच्या आईवडिलांच्या डोक्यात बहुधा दूरदर्शनवरची जपानी मालिका असेल, हिंदीत नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान असलेली. तीही पुस्तकापासून बरीच दूर आहे.

'सिनेमा चुकीचा' असं म्हणून सुरुवात केलीत तर मुलं सिनेमाची बाजू घेतात. त्याऐवजी नातीला काम द्या: पुस्तकात आणि सिनेमात काय वेगळं आहे त्याची वहीत यादी करायची. दुसऱ्या गोष्टीपर्यंत ती स्वतःच पुस्तकाची वकील झालेली असेल.

क्रम असा: 'मोगलीचे भाऊ', मग 'अजगराची शिकार', मग 'वाघ! वाघ!'. या तीन एकाच गोष्टीचे तीन अंक आहेत. 'मोगलीचे भाऊ' मधोमध तुटते: किपलिंग एका वाक्यात दहा-अकरा वर्षांची उडी मारतो. पहिली बैठक तिथेच संपवा. पहिल्या भागात लांडग्यांच्या सभाशिळेवरचा नियम नीट समजावा, म्हणजे आईवडील सोडून कळपातल्या आणखी दोघांनी बाजू घेतली तरच पिल्लू आत. बाळू एक. बघीराला मत नाही, म्हणून तो नुकताच मारलेला बैल मोल म्हणून देतो. हा सौदा मुलांना फार आवडतो. पुढे बघीरा पुन्हा बैलाचं नाव काढतो तेव्हा तो लक्षात असायला हवा.

'वाघ! वाघ!' मधला घळीतला प्रसंग तोंडी सांगताना हमखास फसतो, कारण कोण कुठे आहे ते कळत नाही. टेबलावर मांडा. दोन पुस्तकं उभी करून घळ करा. मध्ये शेरखान, हवं तर लिंबू. कळपाचे दोन भाग: रेडे वेगळे, म्हशी आणि रेडकं वेगळी. म्हशींना करडा भाऊ (मोगलीचा लांडगा-भाऊ) घळीच्या खालच्या तोंडाशी धरून ठेवतो. रेड्यांना अकेला लांबून वळसा घालून वरच्या तोंडाशी नेतो, आणि मोगली रामा नावाच्या रेड्यावर बसून त्यांना खाली सोडतो. काडेपेट्यांनी हे दोन मिनिटांत दिसतं.

आता खरी मेख. वाघ कडा चढून निसटत का नाही? कारण त्याने पहाटे डुक्कर खाल्लंय आणि वर पाणी प्यायलाय. मोगली आधी तेवढंच विचारतो: खाल्लंय की उपाशी आहे? सगळा बेत त्यावर उभा आहे. आणि मुंगसाच्या गोष्टीत रिक्की धुळीतला साप मारतो, पण खात नाही, कारण पोटभर जेवलेला मुंगूस मंद होतो. दोन्ही गोष्टींत एकच खुबी. सांगू नका, मुलांना शोधू द्या. रात्रीच्या जेवणाला 'मी कमी खातो, मला लढायचंय' असं ऐकायची तयारी ठेवा.

शेरखान गायीगुरंच का मारतो हेही गाळू नका: तो जन्मतः एका पायाने अधू आहे. नाहीतर तो नुसता सिनेमातला खलनायक राहतो.

पहिल्या भागातली पांढऱ्या सीलची गोष्ट बेरिंग समुद्रातली आहे, ती नात वाचेल. दुसऱ्या भागातली दुष्काळाची गोष्ट सगळ्यांसाठी घ्या: वैनगंगा आटते, पात्रातली शिळा उघडी पडते, आणि हाथी पाणी-तह जाहीर करतो, म्हणजे पाण्यावर आलेल्या कुणाचीही शिकार नाही. नकाशावर वैनगंगा दाखवा. सिवनी जिल्ह्यात उगम, मग बालाघाट, गोंदिया, भंडारा करत ती खाली गडचिरोलीकडे येते. मोगलीची नदी विदर्भातून वाहते हे कळलं की गोष्ट एकदम घरातली होते.

रानकुत्र्यांची गोष्ट दहा-अकरा वर्षांपर्यंत थांबवा. तिच्यात अकेला मरतो आणि रक्तपात बराच आहे. (ते कुत्रे दख्खनवरून आलेले, म्हणजे आपल्याच बाजूचे.) जंगलाने गाव गिळण्याची गोष्ट तर त्याहून पुढे. मोगलीला गावात सांभाळणारी मेसुआ आणि तिच्या नवऱ्याला चेटकी ठरवून जाळायला निघालेलं गाव आहे तिच्यात.

तीन_शिट्ट्या

व्हिडिओ कॉलचं मी सांगते. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्याची झोपायची वेळ रात्री ८ म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच, नोव्हेंबरपासून साडेसहा. रोज जमणार नाही. शनिवारी त्याचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात, हे टिकतं. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये त्यांची घड्याळं बदलतात, तेव्हा आधीच कळवून ठेवा.

कॉलवर पान कॅमेऱ्याला दाखवत वाचू नका. स्वतःच्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसतात म्हणून आपण पुस्तक फिरवत बसतो. पलीकडे ती सुलटच दिसत असतात. तसंही त्याला अक्षरांशी काम नाही. चेहरा आणि हात दिसू द्या. बागेचा तोच नकाशा त्याच्याकडेही द्या, मुंगूस तो हलवेल आणि तुम्ही सांगाल. बारा-पंधरा मिनिटांच्या वर ताणू नका. लाइन अडकते ती नेमकी नाग फणा काढताना, म्हणून प्रत्येक प्रसंगाची शेवटची दोन वाक्यं पुन्हा म्हणायची सवय ठेवा.

झोपताना ऐकायला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. फोनमधलं रेकॉर्डरचं अ‍ॅप वापरा, तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, नाहीतर 'फ' आणि 'भ' फुटतात. फोन उशीवर ठेवून, पंखा बंद, खिडकी बंद. कुकर लावून रेकॉर्डिंगला बसू नका. फाइलला नाव आकड्याने द्या, ०१, ०२. 'मुंगूस नवीन फायनल' असं नाही.

आवाज काढायचे तर नागाचा चढा आणि भेसूर नको, लहान मूल घाबरतं. हळू, खालच्या पट्टीत, 'स' आणि 'श' जरा लांबवून. चिचुंद्री रडवी, शिंपी बडबड्या. मुंगसाला आवाज नकोच, फक्त लढाईची आरोळी: रिक्क-टिक्क-टिक्की-टिक्की-च्क! शेवटचा 'च्क' जीभ टाळूला लावून.

हक्कांचं म्हणाल तर किपलिंग १९३६ साली वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे मूळ पुस्तक केव्हाच मोकळं झालंय. स्वतः मराठीत सांगून रेकॉर्ड केलंत तर प्रश्नच नाही. दुसऱ्या कुणाचा मराठी अनुवाद वाचून यूट्यूबवर टाकू नका, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. डिस्नेची चित्रंही तशीच.

चष्मा_कुठेय

शेवटची शंका. मूळ इंग्रजीतल्या टेडीला मराठीत बंडू केला तर? नातवाला जवळचा वाटेल.

शब्दखोडी

नका करू. बंगला बिहारमधल्या सुगौलीच्या छावणीतला, इंग्रज साहेबाचा आहे. टब, सिगार, व्हरांड्यातला नाश्ता, सगळं त्याच घरातलं. बंडू केलात की सिगार कुणाच्या हातात द्यायची हा प्रश्न येतो. टेडी टेडीच राहू द्या. शिंपी, तांबट, चिचुंद्री आपलीच आहेत, तेवढं पुरे.